डब्यातलं केळफूल

२४ सप्टेंबर २०२५, बुधवार

विधीताईंनी आज मला एक जाड वही दिली. म्हणाल्या, "भाऊ, जुन्या स्टोरेजमधलं सगळं नव्यात हलवायचं आहे. रोज काय झालं ते यात लिहा. कधी, कुणी, काय." घरी येताना मी तसलीच दुसरी वही घेतली. ती ही. कधी, कुणी, काय एवढ्यात माझं भागत नाही.

आमचा प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना जळगावच्या एमआयडीसीत आहे. मी डिझाईन विभागाचा प्रमुख. विभाग म्हणजे मी, एक कॉम्प्युटर आणि एक खिडकी. विधीताई आमच्या मालकांच्या, सुरेशचंद शेठजींच्या कन्या. दोन वर्षांपूर्वी शिकून आल्या आणि तेव्हापासून कारखान्यात प्रत्येक गोष्टीला 'का' विचारतात.

सगळी डिझाईन ज्या स्टोरेजमध्ये आहेत त्याला आम्ही डबा म्हणतो. दोन हजार बारा साली घेतला. समोर चार उभी दारं, प्रत्येक दारामागे एक डिस्क; दार ओढलं की डिस्कसकट अख्खा खण बाहेर येतो. चारही डिस्क मिळून एकच खातं सांभाळतात, एकट्या डिस्कमधलं काही वाचता येत नाही. पोळ्यापासून तिसऱ्या दाराचा दिवा पिवळा झालाय. विधीताईंनी विचारलं, "याची दुसरी प्रत कुठे आहे?" मी म्हटलं, "डबा हीच तर प्रत." त्यांनी लगेच नवा डबा मागवला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

फोल्डर लावत बसलो. एक हजार तीनशे चाळीस डिझाईन. तेरा वर्षांची माझी कमाई डोळ्यांसमोरून गेली.

सगळ्यात जास्त खपलेलं केळफूल, सन दोन हजार तेरा. त्याची गंमत अशी. सुलक्षणा भाजीसाठी केळफूल सोलत बसली होती. म्हणाली, "एकेक पाकळी उचलली की खाली ही दातऱ्यांची रांग. चटईच्या किनारीला किती शोभेल." मी तेव्हा पेपर वाचत होतो, लक्ष दिलं नाही. आठवड्याभराने मोटरसायकलवरून येताना मला केळफूल एकदम सुचलं. असोद्याच्या माणसाला केळीच्या बागेतून येताना केळफूल सुचावं यात नवल नाही म्हणा.

तपकिरी चौकटही सापडली. ती मी एका बैठकीत, कुणाला काही न विचारता केली होती. बाजाराला ती कळली नाही. दोन गठ्ठे अजून गोदामात आहेत.

२९ सप्टेंबर, सोमवार

जुना डबा, नवा डबा शेजारी ठेवले, वायरी जोडल्या आणि संध्याकाळी चार वाजता काम सुरू केलं. विधीताईंच्या सांगण्यावरून अलीकडची वर्षं आधी, जुनी नंतर. स्क्रीनवर हिरवी पट्टी सरकते, पण गोगलगाईसारखी.

आमचे दोंडाईच्याचे घाऊक गिऱ्हाईक हेमराजशेठ, त्यांचा फोन आला होता. लग्नसराईसाठी त्यांना केळफूलच पाहिजे, तेही जुनंच, रंग जरा बदलून. चटई विणणाऱ्या लूमवर एका वेळी दहाच डिझाईन राहतात, त्यामुळे केळफूल आता फक्त डब्यात आहे. म्हटलं, दोन दिवसांत देतो.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

कारखाना आज बंद ठेवून मशीनची पूजा. प्लास्टिकच्या दाण्याचं मशीन, सगळे लूम, किनारीची शिलाई मशीनं, सगळी धुऊनपुसून हार घातले. पट्टी अडतीस टक्क्यांवर होती. विधीताई म्हणाल्या, "भाऊ, हा चालू राहू द्या."

मी म्हटलं, "ताई, आज लूम थांबलेत, ट्रकसुद्धा उभा आहे. यानेच काय पाप केलंय? आणि त्याचा हा शेवटचा दसरा."

"बंद करून परत सुरू झाला नाही तर?"

"तेरा वर्षं झाली, दर नवमीला बंद करतो. दर दसऱ्यानंतर सुरू होतो."

त्या हसल्या आणि आजीला आणायला गेल्या. मी डबा रीतसर बंद केला आणि तोतारामला हाक मारली. तोताराम आमचा साफसफाईवाला, धरणगावचा, हात सोन्याचे. त्याला सांगितलं, "याला नुसता वरून हात फिरवू नको. आतून-बाहेरून चकाचक पाहिजे."

तो म्हणाला, "काळजी नका करू भाऊ. तेना शेवटला दसरा शे. नवरदेव करी टाकस."

खरंच केला. इतकी वर्षं समोर कुंकवाचे टिळे साचून लालसर राप चढला होता, तोही त्याने साबणाने घासून उतरवला. डब्याच्या डोक्यावर एक टिळा, वर झेंडूचं फूल. मी फोटो काढला. मोठ्या बाई, म्हणजे विधीताईंच्या आजी लाडकुंवरबाई, चाकाच्या खुर्चीतून सगळ्या मशीनसमोर फिरल्या. पेढे चांगले होते.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सुट्टी. पुरणपोळी. दुपारी झोप. लिहिण्यासारखं काही नाही आणि त्याबद्दल तक्रार नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

डबा सुरू केला. चारही दिवे लाल. स्क्रीनवर आलं की आत काहीच नाही. बंद करून पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच.

तोतारामला विचारलं, "तू परवा नेमकं काय केलंस?"

"चारी खण बाहेर काढात, फडकाघाई पुसात, परत घालात."

"ज्याच्या त्याच्या जागी घातले ना?"

"चारी सारखाच दिखतस भाऊ. कोणता खण कोठे व्हता, माले काय माहीत?"

मी विधीताईंना बोलावलं.

विधीताईंनी धुळ्याच्या अभिमनला फोन लावला. त्याचं तिथे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, नवा डबा त्याच्याकडूनच घेतलाय. मी पुन्हा सुरू करायला हात लावणार तेवढ्यात तो स्पीकरवरून म्हणाला, "भाऊ, बटणापासून लांब व्हा. हे जुनं मॉडेल आहे, डिस्क जिथल्या तिथे लागतात. चुकीच्या क्रमाने सारखं चालू केलं तर ते स्वतःच दुरुस्ती करायला बसेल, आणि आहे ते पुसून टाकेल."

"मग आधी डिस्कच्या नकला काढ ना," विधीताई म्हणाल्या.

"एक डिस्क मरायला टेकलीय. नक्कल काढतानाच दम सोडेल. एकदाच उठवायची, क्रम बरोबर लावून, आणि त्याच दमात सगळं काढून घ्यायचं. मूळ क्रमाची नोंद आहे का कुठे?"

नोंद नाही. डबा बसवणारा माणूस कधीच गाव सोडून गेला. चार डिस्कचे क्रम चोवीस होतात, हे मला कागदावर मांडावं लागलं नाही. माझा धंदाच तो आहे.

विधीताईंच्या वहीत लिहिलं: 'दि. १ रोजी तोताराम याने साफसफाई करताना डिस्क काढून चुकीच्या क्रमाने लावल्या.' त्यांना कधी, कुणी, काय पाहिजे होतं. ते लिहिलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

शेठजींनी वही वाचली. तोतारामला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं, दिवाळीनंतर बघू म्हणाले. तो पंचवीस वर्षं कंत्राटावर आहे, दिवाळीनंतर म्हणजे काय ते त्यालाही कळतं. जाताना माझ्या खिडकीशी थांबला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, आतून-बाहेरून, हाई तुम्हीच त् सांगं व्हतं ना?"

मी म्हटलं, "सांगितलं होतं, पण खण काढ असं म्हटलं नव्हतं."

"मंग आतून कसं पुसतस?"

जेवण बरं गेलं नाही आज. वांग्याची भाजी तिखट झाली असावी.

५ ऑक्टोबर, रविवार

सुलक्षणाने विचारलं, चेहरा का असा. सगळं सांगितलं. तिला खंडेनवमीचा फोटो दाखवला. म्हटलं, बघ, याला म्हणतात चकाचक.

तिने फोटो मोठा करून बघितला, बराच वेळ. मग म्हणाली, "कुंकू पुसलं तरी गुलाबी राहिलंय. या रेघा तुटल्यात बघा. इथली तिथे गेलीय."

"डाग आहेत ते."

"डाग असा काटकोनात वळतो का? ठिपका चुकला की रांगोळी अशी दिसते."

मी म्हटलं, अगं, ही डिस्क आहे, रांगोळी नाही. ती बरं म्हणाली आणि भांडी घासायला गेली. तिचं एक बरं आहे, फार ताणत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज मोठी गोष्ट घडली. सकाळी येताना, रेल्वे फाटक बंद होतं तिथे उभा असताना, मला एकदम सुचलं. साथिया!

डबा आला त्या दिवशी, दोन हजार बारा साली, मोठ्या बाईंनी तुपात कालवलेल्या कुंकवाने समोर साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला होता. चारही दारांवर मिळून एकच मोठा. पुढे त्याच्यावर तेरा वर्षांचे टिळे चढले आणि आम्ही विसरलो. तोतारामने वरचा राप काढला, पण तूप-कुंकू प्लास्टिकमध्ये मुरलं होतं.

विधीताईंना ओढतच नेलं. बॅटरी तिरकी धरली तर फिकट गुलाबी रेघा स्पष्ट दिसतात. डावीकडच्या पहिल्या दारावर वर जाणारा हात असायला हवा, तो मध्ये आला होता. त्या म्हणाल्या, "भाऊ, हे कसं काय लक्षात आलं?"

"डिझाईन करणाऱ्याची नजर," मी म्हटलं. "काल घरी फोटो बघत होतो."

"एकटेच?"

"सुलक्षणा होती. ती रांगोळीचं काहीतरी म्हणत होती."

विधीताई "अच्छा" म्हणाल्या.

खात्री करायला दुपारी त्यांच्या घरी गेलो. मोठ्या बाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, ऐकू कमी येतं. साथिया कसा काढता म्हणून विचारलं तर आधी म्हणाल्या, "माझा साथिया पुसला कोणी?" मग त्यांनी टेबलावर करंगळीशेजारच्या बोटाने काढून दाखवला. वरचा हात उजवीकडे, उजवा खाली, खालचा डावीकडे, डावा वर. कारखान्यात परत येऊन तसेच खण मांडले तर रेघ रेघेला मिळाली. चोवीसातला एकच क्रम.

रात्री कोजागिरी. दूध मस्त आटलं होतं. सुलक्षणाला सांगितलं, मला साथिया सुचला. ती म्हणाली, "छान झालं." जायफळ अजून किसू का म्हणून विचारलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

डबा घेऊन विधीताईंबरोबर धुळ्याला गेलो, त्यांच्या गाडीतून, ड्रायव्हर घेऊन. रस्त्यात हादरे बसू नयेत म्हणून सुलक्षणाने घरची गोधडी दिली होती, चौपदरी घडी घालून. डबा मांडीवर, गोधडीत, तान्ह्या मुलासारखा.

एरंडोलच्या पुढे विधीताई म्हणाल्या, "भाऊ, या गोधडीच्या कडेला केळफूल आहे."

"हो, तिने माझं बघून शिवलं असेल."

"गोधडी केव्हाची?"

"आमची मुलगी भूमिका पाळण्यात होती तेव्हाची. तिच्यासाठीच शिवली."

"भूमिका आता काय करते?"

"शेवटच्या वर्षाला आहे, पुण्याला. एकवीसची झाली."

त्या पारोळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. दमल्या असतील. या प्रकरणात त्यांची झोप नाही झालेली.

अभिमनने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पंखा डब्यावर लावला. म्हणाला, "तेहतीस वेळा देवाचं नाव घ्या, मी एकदाच बटण दाबतो." दाबलं. पहिला दिवा हिरवा. दुसरा हिरवा. तिसरा बराच वेळ लुकलुकला आणि पिवळा झाला. मी आयुष्यात पिवळ्या रंगाला इतका मान दिला नव्हता. चौथा हिरवा.

स्क्रीनवर फोल्डर उघडले. विधीताईंनी आधी केळफूल काढून घेतलं. मग बाकीचं सुरू केलं. अभिमन म्हणाला, "साथियावरून डिस्क लावल्या हे कुणाला सांगू नका. लोक माझ्याकडे यायचे सोडून पुजाऱ्याकडे जातील."

"पुजाऱ्याकडे नाही," विधीताई म्हणाल्या, "रांगोळी काढणाऱ्याकडे."

दोघं हसले. मीही हसलो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

अभिमनचा सकाळी फोन. सगळं आलं. एक हजार तीनशे चाळीस, एकही कमी नाही. संध्याकाळी तिसरी डिस्क कायमची गेली. बिचारीने काम होईपर्यंत धरलं.

हेमराजशेठला नमुना पाठवला. चॉकलेटी जमिनीवर पोपटी केळफूल. रंग कोणता घ्यावा या विचारात होतो, सुलक्षणाने कोथिंबीर निवडता निवडता 'पोपटी' म्हटलं होतं. मीही शेवटी पोपटीवरच आलो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

लूम नंबर चारपाशी आज दुसराच माणूस झाडत होता. कोपरे सोडून झाडतो.

तोताराम काय म्हणाला ते डोक्यातून जात नाही. मंग आतून कसं पुसतस. मी स्वतःच विचार केला: मला कुणी सांगितलं असतं, आतून-बाहेरून चकाचक कर, तर मी काय केलं असतं? खण बाहेर काढले असते. आणि डबा बंद करायचा हट्ट कुणाचा? अडतीस टक्क्यांवर विधीताई नको म्हणत होत्या. त्यांच्या वहीत कधी आणि काय बरोबर आहे. कुणी, तेवढं चुकलंय.

१३ ऑक्टोबर, सोमवार

विधीताईंच्या वहीत तारीख १ ची नोंद खोडली आणि खाली लिहिलं: 'डबा बंद करण्याचा निर्णय प्रेमराज नारखेडे यांचा. खण साफ करण्यास तोतारामला प्रेमराज नारखेडे यांनीच सांगितले. क्रमाची नोंद ठेवणे प्रेमराज नारखेडे यांचे काम होते, ते तेरा वर्षे केले नाही.' सही केली. आपलंच नाव तीनदा लिहावं लागलं, पण लिहून झाल्यावर भूक लागली.

वही घेऊन शेठजींसमोर स्वतः गेलो. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "नारखेडे, हे आधीच लिहिता आलं असतं."

"हो शेठजी."

"आता तुम्हाला घरी बसवू का?"

"तुम्ही म्हणाल तसं."

विधीताई म्हणाल्या, "पप्पा, तोतारामने तो राप काढला म्हणून साथिया दिसला. नाहीतर अजून चोवीस क्रम मोजत बसलो असतो." शेठजींनी फोन उचलून स्वतः तोतारामला उद्यापासून ये म्हणून सांगितलं.

मला घरी बसवलं नाही. फक्त म्हणाले, दिवाळीचा पेढ्याचा पुडा तोतारामच्या घरी तुम्ही पोचवायचा. धरणगावला जाऊन आलो. तोताराम ओट्यावर बसला होता. म्हणाला, "भाऊ, पुढला दसराले नवा डबाले हात नही लावाऊ."

मी म्हटलं, "लाव. पण आधी खणांवर नंबर लिहू. तू आणि मी."

"मंग तुम्ही लिखा. मी पुसस."

१९ ऑक्टोबर, रविवार

शेवटचं काम राहिलंय. विधीताईंनी नव्या डब्यात प्रत्येक डिझाईनसमोर रकाने केलेत: क्रमांक, वर्ष, रंग, आणि कुणी केलं. बाकीचे भरले, शेवटचा सगळा कोरा. छापील यादी दिली, प्रत्येक डिझाईनचं छोटं चित्र छापलेली, चांगला जाड गठ्ठा. म्हणाल्या, "भाऊ, घाई नाही. पण घरी बसून भरा, वहिनींच्या समोर." वहिनींच्या समोर का, ते कळलं नाही. बहुधा माझा चष्मा बदलायला झालाय हे त्यांना दिसलं असेल.

आज दुपारी बसलो. सुलक्षणा करंज्या लाटत होती. मी सोय बघितली. सगळीकडे नाव एकच येणार, तर वर एकदा लिहून खाली 'तसेच' करत जायचं. पहिलं पान केळफुलाचंच निघालं. दोन हजार तेरा. पेन उचललं आणि समोर बघितलं. धुळ्याहून आल्यावर धुतलेली गोधडी दारात दोरीवर वाळत होती. कडेची केळफुलं उन्हात ओळीने दिसत होती.

भूमिका एकवीसची. मी वजाबाकी केली. चुकली असं वाटून पुन्हा केली.

"अगं, ही गोधडी तू माझं बघून नव्हती शिवली?"

"तुमचं काय बघून? तेव्हा तुमच्या कारखान्यात कॉम्प्युटर तरी होता का?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारायचात, मी सांगायची." तिने करंजीची कड दुमडली. "त्यात बोलायचं काय राहिलं?"

पंखा चालू होता, बाहेर पोरं फटाके लावत होती. मी केळफुलासमोरच्या कोऱ्या रकान्यात लिहिलं: सुलक्षणा प्रेमराज नारखेडे. ती पिठाच्या हातांनी उठून बघायला आली. पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "पुढचं दाखवा."

पुढचं दाखवलं. "हे आपल्या अंगणातलं, पाडव्याचं." त्याच्या पुढचं. "हे नाशिकच्या साडीवरून. तुम्ही म्हणालात, निळा घे, मी म्हटलं नको." त्याच्या पुढचं. "यातली चौकट तुमची, आतलं फूल माझं. दोघांची नावं लिहा." तिला सगळी आठवतात. कोणत्या वर्षी, कोणती भाजी चुलीवर होती, तीसुद्धा. मला वाटलं होतं, वाईट वाटेल. तसं फार काही वाटलं नाही. एवढ्या वर्षांत आम्ही इतका वेळ एकत्र बसून कामाचं कधी बोललो नव्हतो.

एकशे सहापर्यंत आलो. तळण जळायला लागलं तेव्हा थांबलो. उरलेली भाऊबीजेनंतर. विधीताईंना फोन केला की रकाना भरायला वेळ लागेल. त्या म्हणाल्या, "लागू द्या. आणि वहिनींना विचारा, दिवाळीनंतर आठवड्यातून तीन दिवस यायला जमेल का? खिडकीशी दुसरं टेबल बसतं, मी मोजलंय."

सुलक्षणा म्हणाली, बघू, आधी करंज्या होऊ दे.

झोपायच्या आधी मी यादी चाळून एक पान काढलं आणि तिला दाखवलं. तपकिरी चौकट. तिने एक क्षणही घेतला नाही.

"ही मात्र तुमचीच," म्हणाली. "एकट्याची."